पुढचा की मागचा? लहान ट्रॅक्टरवरील स्नो ब्लोअरच्या निवडीची पार्श्वभूमी

कॅनडाच्या क्वेबेक आणि ऑन्टॅरिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत शहराबाहेर राहणाऱ्या कुटुंबाला घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची आपली वाट हिवाळाभर स्वतःच मोकळी ठेवावी लागते. त्यासाठी २५ ते ३५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेणाऱ्याला पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न पडतो: बर्फ गिळून नळीतून दूर भिरकावणारे यंत्र, म्हणजे स्नो ब्लोअर, पुढे बसवावा की मागे? यावरच्या चर्चेत सहसा किंमत, मागे वळून पाहून दुखणारी मान आणि बर्फाची खोली हे तीनच मुद्दे येतात. मुळात हा प्रश्न इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरच्या कोणत्या बाजूने बाहेर काढली गेली, त्या इतिहासातून आलेला आहे. आणि तो इतिहास बर्फासाठी घडलेला नाही, तो शेतीच्या अवजारांसाठी आणि गवत कापण्यासाठी घडला.

फिरत्या पात्यांनी बर्फ उडवण्याची कल्पना रेल्वेच्या काळातली आहे. टोरांटोतील एका दंतवैद्याने १८६९ मध्ये तसा आराखडा केला आणि १८८०च्या दशकात तो प्रत्यक्ष रुळांवर उतरला. क्वेबेकमधील एका संशोधकाने १९२५ मध्ये स्वतःच्या इंजिनावर चालणारे रस्त्यावरचे यंत्र तयार केले आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियललगतच्या एका नगरपालिकेने ते विकत घेतले. ही यंत्रे बर्फाला समोरून भिडणारी होती. ट्रॅक्टर मात्र या वंशातला नाही.

ट्रॅक्टरची शक्ती मागून निघते. पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा फिरता शाफ्ट, असलेला ट्रॅक्टर अमेरिकेत १९१८ मध्ये बाजारात आला, पीटीओचा वेग आणि जोडणी यांचे प्रमाणीकरण १९२०च्या दशकात सुरू झाले आणि मिनिटाला ५४० फेरे हा आकडा पुढे रूढ झाला. १९३९ मध्ये अवजार हायड्रॉलिकवर उचलणारी मागची तीन टोकांची जोडणी, म्हणजे थ्री पॉइंट लिंकेज, मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आल्यावर अवजाराची जागा मागे, हे पक्केच झाले. रोटाव्हेटर चालवणाऱ्या वाचकाला यापुढचे सांगायला नको. बर्फाच्या दृष्टीने महत्त्वाची सुधारणा मात्र नंतरची आहे. जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबे. म्हणजे ब्लोअरच्या तोंडात बर्फ कोंबला गेल्यावर क्षणभर थांबून त्याला तो गिळू द्यावा, तर ब्लोअरच बंद पडे. कॅनडातील एका कारखान्याने १९४६ मध्ये चाकांपासून स्वतंत्र चालणारा पीटीओ दिला आणि तशी सोय हळूहळू सर्वत्र आली. मागचा ब्लोअर घरगुती कामाला खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला तो यामुळे.

पुढच्या ब्लोअरचा उगम वेगळा आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी उपनगरांत हिरवळ कापणारे बागेचे छोटे ट्रॅक्टर पसरले आणि हिवाळ्यात त्यांच्या नाकावर पट्ट्याने चालणारे बर्फफेके बसवले जाऊ लागले. १९६९ मध्ये एका जपानी कंपनीने २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेत आणला आणि पुढच्या दशकात मोठ्या अमेरिकी कंपन्याही जपानी कारखान्यांत बनलेले लहान ट्रॅक्टर स्वतःच्या रंगात विकू लागल्या. या ट्रॅक्टरांच्या पोटाखाली गवत कापण्याचा डेक बसावा म्हणून मधला पीटीओ आला, जो साधारण मिनिटाला २००० फेरे घेतो. आजचा पुढचा ब्लोअर याच शाफ्टवर चालतो. गवतासाठी काढलेली शक्ती एका लांब शाफ्टने पुढच्या आसाखालून नेऊन बर्फाला दिली जाते. त्यासाठी पोटाखाली लोखंडी चौकट लागते आणि तिच्यामुळे पुढच्या ब्लोअरची किंमत कित्येकदा मागच्याच्या दुपटीच्या आसपास जाते.

किमतीपेक्षा अडचणीचा भाग हा की बहुतेक ट्रॅक्टरांवर पुढचा ब्लोअर बसवायचा तर लोडर, म्हणजे पुढची उचलती बकेट, उतरवावा लागतो. शिवाय दोन-अडीचशे किलोचे वजन पुढच्या लहान चाकांच्याही पुढे लटकते, मागची चाके हलकी होतात आणि मागे वजन व टायरांना साखळ्या लावल्याशिवाय निसरड्या चढावर ती जागीच फिरत राहतात. मागच्या ब्लोअरचे वजन आपोआप मागच्या चाकांवर येते आणि पुढचा लोडर त्याला तोल देतो. समोर पाहत काम करण्याचे सुख मोठे आहे, यात वाद नाही. पण त्या सुखासाठी लोडर पाच महिने शेडमध्ये पडून राहतो, हे विकत घेणाऱ्याला बहुधा उशिरा कळते.

आता शब्दांचा गुंता. मुळात ‘ब्लोअर’ हा शब्दच फसवा आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ब्लोअर म्हणजे मिनी ट्रॅक्टरमागचे फवारणीयंत्र, आणि तिथे खरोखरच हवेचा झोत काम करतो. स्नो ब्लोअरमध्ये हवेचे काम नगण्य असते. आडवा ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा दांडा, बर्फ फोडून मध्यभागी आणतो, त्यामागचा जाड पात्यांचा पंखा तो नळकांड्यातून भिरकावतो. एकाच फिरत्या भागाने दोन्ही कामे करणाऱ्या साध्या यंत्राला ‘थ्रोअर’ आणि पंखा असलेल्याला ‘ब्लोअर’ म्हणण्याचा प्रघात आहे. तोही काटेकोर पाळला जात नाही.

याहून घोटाळ्याचा शब्द आहे ‘इन्व्हर्टेड’, म्हणजे उलटा. नेहमीच्या मागच्या ब्लोअरचे तोंड ट्रॅक्टरकडे पाठ करून असते, म्हणून चालकाला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवावा लागतो. नवख्या माणसाला वाटते की उलटा तो हाच. पण उलटा म्हणतात तो दुसराच: तोही मागेच बसतो, मात्र त्याचे तोंड ट्रॅक्टरच्या चाकांकडे असते आणि ट्रॅक्टर सरळ पुढे जात असताना तो ओढला जातो. म्हणजे सरळ ब्लोअर उलटा चालवायचा आणि उलटा ब्लोअर सरळ चालवायचा. क्वेबेक-ऑन्टॅरिओतील बर्फ काढणाऱ्या कंत्राटदारांनी मोठ्या ट्रॅक्टरांवर ही पद्धत रुळवली, कारण गॅरेजच्या दारापर्यंत मागे जाऊन, ब्लोअर खाली टेकवून दारालगतचा बर्फ ओढून काढणे हे काम दुसऱ्या कोणत्याही ब्लोअरला नीट जमत नाही. लहान ट्रॅक्टरांसाठी त्याची छोटी आवृत्ती मिळते तेव्हा ‘पुढे पाहत चालवा, मान वाचवा’ असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. यात चाके आधी बर्फावर चढतात आणि ब्लोअर नंतर येतो. चाकांखालच्या दोन पट्ट्यांत बर्फ दाबून घट्ट होतो आणि गुडघाभर हिमवर्षाव झाला तर कमी उंचीचा ट्रॅक्टर पोटावर अडकतो. मोठ्या ट्रॅक्टरच्या उंच चाकांना जे सहज पेलते ते लहान ट्रॅक्टरला पेलेलच असे नाही, आणि हा फरक जाहिरातीत सहसा सापडत नाही.

गेल्या काही दशकांतील बदलांनी या निवडीचे वजन पुन्हा हलवले. गिअरच्या ट्रॅक्टरांत पुढे जाण्याचे गिअर पुष्कळ आणि रिव्हर्सचे मोजकेच असत, तेही ओल्या, जड बर्फासाठी फारच वेगवान. गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाके फिरवणाऱ्या हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमुळे पायाच्या दाबावर बोटभर-बोटभर मागे सरकता येऊ लागले आणि मागच्या ब्लोअरची सर्वांत जुनी तक्रार मिटली. बंद केबिनमुळे वाऱ्याने परतून तोंडावर येणारा बर्फ थांबला. मानेचा त्रास मात्र राहिला: उजव्या खांद्यावरून तासभर मागे पाहत, डाव्या हाताने स्टिअरिंग धरून काम केले की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. त्यावर कॅमेरे लावले जातात, पण त्यांच्या काचेवर काही मिनिटांतच बर्फाचा थर बसतो. काही ट्रॅक्टरांत तर मागे वळताना सीटवरचा भार क्षणभर कमी झाला तरी सुरक्षेचा स्विच इंजिन बंद करतो.

वाटेच्या तोंडाशी या सगळ्याची कसोटी लागते. सार्वजनिक रस्ता साफ करणारी नगरपालिकेची गाडी जाता जाता तिथे बर्फाचा बांध टाकून जाते. रात्रीत तो गोठतो आणि त्यात खडीही मिसळलेली असते. पुढचा ब्लोअर त्याला सरळ भिडतो आणि एखादा मोठा दगड आत गेला की शिअर बोल्ट, म्हणजे यंत्र वाचावे म्हणून मुद्दाम कमजोर ठेवलेला बोल्ट, तुटतो. मग अंधारात, हातमोजे काढून, नवा बोल्ट भोकात बसवत बसावे लागते. मागचा ब्लोअर असलेला चालक आधी ट्रॅक्टर वळवतो, लोडरच्या बकेटने बांध फोडतो, ढेकळे पसरवतो आणि मग पुन्हा फिरून ब्लोअर त्यात घालतो. उलट्या ब्लोअरवाल्यालाही बांधावर चाके चढवण्यापूर्वी हेच करावे लागते.