प्रौढांचे संगणक व रोजगारशिक्षण (पुणे)

बेताच्या मिळकतीवर घर चालवणाऱ्या प्रौढांना संगणक आणि नोकरीला लागणारी कौशल्ये शिकवण्याचे काम. पुण्याला ते नवे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. राबणाऱ्याला शिकवायचे तर वेळ शाळेने बदलायची, हे तत्त्व तेव्हापासूनचे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने स्त्रीशिक्षणाला शिवणकाम, परिचर्या अशा कमाईच्या विद्यांची जोड दिली.

संगणक सामान्यांच्या हाती आला तो मुख्यतः २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे. तो राबवणाऱ्या एमकेसीएलचे (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लि.) मुख्यालय पुण्यातच आहे. हा अभ्यासक्रम मराठीतून शिकता येतो आणि अनेक सरकारी भरत्यांत त्याचे प्रमाणपत्र लागते. पुढे महापालिकेच्या भागीदारीतून ‘लाइटहाउस’ ही कौशल्यशिक्षणाची केंद्रे निघाली. तिथे आधी आत्मविश्वास आणि संवादावर भर देतात, मग कौशल्य निवडायला सांगतात. हा क्रम योग्यच म्हणायला हवा, कारण खरी अडचण भीतीची असते.

घरकाम करणाऱ्या बायकांना सोयीची वेळ दुपारची: सकाळची धुणीभांडी उरकलेली, संध्याकाळच्या पोळ्यांना अवकाश. मोबाइलवर त्या सराईतपणे पैसे पाठवतात. माऊस मात्र पहिल्या दिवशी हाताबाहेर पळतो. कीबोर्डवर सुरुवात स्वतःच्या नावाने करावी. ‘सविता’ हाताने लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी काढतात, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित अक्षररचना) कीबोर्डवर मात्र आधी ‘व’ आणि नंतर वेलांटी दाबायची. ती आपसूक ‘व’च्या डावीकडे जाऊन बसते. एवढे जमले की ‘हे मशीन आपलं ऐकतं’ हे पटते, आणि पुढचे शिकवणे निम्म्याने सोपे होते.

त्यानंतर बायोडेटा, ईमेल, एक्सेलमधील बेरजा, टॅली (हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर), मुलाखतीची तयारी. मुलाखतीत अनुभव विचारला की बहुतेक जणी ‘काही नाही’ म्हणतात. दहा वर्षे चार घरांच्या वेळा आणि किल्ल्या सांभाळणे हाही अनुभवच. तो शब्दांत मांडायला शिकवणे टॅलीइतकेच मोलाचे आहे.

गळती होते ती बहुधा खाड्यामुळे. पाहुणे आले, मूल आजारी पडले की क्लास बुडतो, आणि घरी संगणक नसल्याने सरावही थांबतो. त्यामुळे बुडालेला धडा पुन्हा घेणारी आणि क्लास सुटल्यावरही तासभर संगणक खुले ठेवणारी केंद्रेच अशा विद्यार्थ्यांना टिकवून धरतात.