मातृ आरोग्यसेवांचा वापर आणि त्यावर परिणाम करणारे घटक (महाराष्ट्र)

गरोदरपणातील तपासण्या, कुशल हातांनी होणारे बाळंतपण आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांतील देखभाल यांना मिळून मातृ आरोग्यसेवा म्हणतात. सेवा कागदावर असली, तरी बाई तिच्यापर्यंत पोचते की नाही हे वेगळ्याच गोष्टींवर ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते जवळपास ९५ टक्के झाले. दवाखान्यातील बाळंतपणासाठी आर्थिक मदत देणारी जननी सुरक्षा योजना (२००५), गावपातळीवरच्या आशा कार्यकर्त्या, मोफत औषधे-आहार-वाहनाची हमी देणारा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) आणि २०१४ पासूनची १०८ रुग्णवाहिका यांचा या वाढीत मोठा वाटा आहे. पण राज्याच्या सरासरीत नंदुरबारचा सातपुडा, मेळघाट, पालघरचे डोंगरी तालुके आणि गडचिरोलीचा दक्षिण भाग झाकला जातो.

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली: जायचे ठरवण्यात, पोचण्यात आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात. दुसरा विलंब सातपुड्यात उघड दिसतो. रस्ता नसलेल्या पाड्यावरून कळा देणाऱ्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर न्यावे लागते; लोक या झोळीला ‘बांबूलन्स’ म्हणतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणूनच आदिवासी भागांतील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ उभारले गेले, जिथे बाईला दिवस भरण्याआधीच येऊन राहता येते. तरी घरची लहान मुले, शेत आणि गुरे कोणाच्या भरवशावर सोडायची, हा तिचा प्रश्न खराच असतो.

जायचे की नाही, हे बहुधा ती एकटी ठरवत नाही. सासूची आधीची बाळंतपणे घरीच झालेली, पैसे नवऱ्याच्या हातात, आणि सुईण ओळखीची. सुईण तिच्याच बोलीत बोलते, शेकशेगडी करते, रात्रभर उशाशी बसते. दवाखान्यात मात्र कोरकू, पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या बाईला मराठी बोलणाऱ्या परक्या माणसांसमोर टेबलावर आडवे व्हावे लागते. त्यात ‘सिझर’ची आणि जास्त मुले असल्यास बोलणी खाण्याची भीती. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. एकदा अपमान झालेली बाई पुढच्या खेपेला घरीच थांबते आणि जावेलाही तेच सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींची ही भीती ओळखून रुग्णालयाची रचना गावातल्या झोपड्यांसारखी केली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले.

स्थलांतराकडे त्यामानाने कमी लक्ष जाते. बीडमधून ऊसतोडीला जाणारी जोडी दिवाळीच्या सुमारास निघते. उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) फेडायची असते आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात, त्यामुळे गरोदर बाईही कोयता सोडत नाही. नोंदणी गावच्या उपकेंद्रात आणि मुक्काम कारखान्याच्या फडावर, अशा स्थितीत तपासण्या चुकतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या प्रथेतही पाठपुराव्याची साखळी तुटू शकते; माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेले तर नव्या ठिकाणच्या सिस्टरला आधीच्या नोंदी मिळतात.

वयाचाही अडसर आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अशी मुलगी अठराच्या आतच गरोदर राहिली, तर बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे (२०१२) पोलिसांना कळवणे दवाखान्याला बंधनकारक आहे. नवऱ्याला अटक होईल या धास्तीने घरचे तिला लपवतात. वास्तविक सर्वाधिक जपण्याची गरज तिलाच असते.

बाळंतपणानंतरची सेवा सर्वांत दुर्लक्षित राहते. सव्वा महिना घराबाहेर न पडण्याच्या रिवाजामुळे बाळंतिणीचा ताप वा रक्तस्राव घरातच निभावला जातो. आशाताईने बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी दिल्या, तर निदान तिच्यासमोर हे बोलले जाते.