स्पीड भरपूर, तरी गेम अडकतो: एमबीपीएस आणि पिंग यांतला फरक

घरात नेटचं कनेक्शन एक, पीसी दोन आणि खेळणारी पोरंही दोन असली की एक मागणी वडिलांपर्यंत पोचतेच: प्लॅन मोठा घ्या. सांगलीत ओळखीच्यांच्या घरी वायफाय बघायला म्हणून गेलो की मी हे हमखास ऐकतो. बऱ्याच घरांत मोठा प्लॅन येतो, दर महिन्याचे पैसे वाढतात आणि गेम अडकायचा तो अडकतोच. पोरांची तक्रार असते पिंगची आणि पैसे मोजले जातात स्पीडचे. दोन्हींना आपण सरसकट ‘नेट स्लो आहे’ म्हणतो, तिथेच घोळ होतो.

स्पीड मोजतात एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. एका सेकंदात किती डेटा येऊ-जाऊ शकतो, एवढंच तो सांगतो. 100 एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला 12.5 एमबी, कारण 8 बिटांचा 1 बाइट. 50 जीबीचा गेम त्यावर उतरायला साधारण एक तास सात मिनिटं लागतात, 40 एमबीपीएसवर पावणेतीन तास. डाउनलोडला स्पीड हवाच, त्यात वाद नाही.

पिंग मोजतात मिलिसेकंदांत. तुमच्या पीसीवरून निघालेला छोटासा निरोप सर्व्हरला, म्हणजे गेम चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरला, पोचून उत्तर परत यायला लागलेला वेळ म्हणजे पिंग. गेम चालू असताना जे जातं-येतं ते फार थोडं असतं: मी इकडे वळलो, गोळी झाडली, समोरचा इथे उभा आहे. असे बारके निरोप सेकंदाला कित्येकदा जातात, पण सगळे मिळूनही व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमला एका खेळाडूमागे एक-दोन एमबीपीएसच्या वर लागत नाही. म्हणजे दोघे भाऊ एकाच वेळी खेळले तरी 40 चा प्लॅन बहुतांश रिकामाच पडलेला असतो. तो 200 केला म्हणून या निरोपांचा प्रवास लवकर होत नाही.

प्रवासाला किती वेळ लागावा याला निसर्गाचीच मर्यादा आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. सांगलीहून मुंबई 400 किलोमीटर धरा, जाऊन-येऊन 800. त्याचे झाले 4 मिलिसेकंद. तार सरळ रेषेत जात नाही, मधे राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात 15 ते 30 दिसलं तरी उत्तम समजा. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत 3,900 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे निव्वळ प्रकाशालाच येऊन-जाऊन 40 मिलिसेकंद लागणार. थोरल्याचं पिंग 25 आणि धाकट्याचं 75 दिसत असेल तर आधी दोघांच्या गेममध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. वर सांगितलेल्या दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत.

आता मुख्य दुखणं. एकटा खेळताना पिंग 25, आणि दुसऱ्या पीसीवर काही सुरू झालं की 300. मग आतल्या खोलीतून हाक येते, ‘दादा, तुझं डाउनलोड बंद कर की!’ धाकट्याचं निदान बरोबर असतं, पण दादाने त्याचा स्पीड खाल्ला असं त्याला वाटतं. खरं तर निरोप रांगेत अडकलेला असतो.

गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे मोटरसायकल सापडते, तसंच हे. मोटरसायकलला जागा कितीशी लागते? पण पुढच्या ट्रॉल्या सरकल्याशिवाय तिला हलता येत नाही. डाउनलोड, व्हिडिओ, लग्नाहून आल्यावर आईच्या मोबाइलवरून आपोआप वर चढणारे फोटो या सगळ्या ट्रॉल्या, आणि गेमचा निरोप ती मोटरसायकल. रांग लागते राउटरमध्ये, आणि बऱ्याचदा अपलोडच्या बाजूला, कारण कितीतरी प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा कमी असतो.

हिशेब करून बघा. अपलोड 10 एमबीपीएस आहे आणि राउटरमध्ये 1 एमबी डेटा साचलाय. 1 एमबी म्हणजे 8 मेगाबिट. तो बाहेर पडायला 0.8 सेकंद, म्हणजे 800 मिलिसेकंद लागणार. मुंबईपर्यंत जाऊन येण्याचे 4 आणि घरातल्या डब्यात ताटकळण्याचे 800! अपलोड 100 केला तर तीच रांग 80 मिलिसेकंदांत सरेल. फरक पडतो, पण गेमला 80 सुद्धा जड जातात.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या प्रोग्रामरनी 2010-11 च्या सुमारास त्याकडे जगाचं लक्ष वेधलं. 2012 साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग लांबू न देणारी कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यावर बेतलेली एफक्यू-कोडेल 2018 साली आरएफसी 8290 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ती प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते आणि बारक्या निरोपांना पुढे वाट देते. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू ही रांग सांभाळणारी सोय दिसली तर ती चालू करा आणि तिथे स्पीडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या 85 ते 90 टक्के टाका, म्हणजे रांग तुमच्या ताब्यातल्या डब्यातच राहते. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ही सोय मिळते. नुसतं ‘क्यूओएस’ (कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, चालू करून फरक मोजा.

मोजायचं कसं? विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग करा, पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो. दुसरीत 8.8.8.8 ला, हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. दोन्हीकडे पत्त्याआधी ‘-टी’ हा पर्याय इंग्रजी अक्षरात द्या, म्हणजे आकडे सतत येत राहतात. मग दुसऱ्या पीसीवर मोठं डाउनलोड लावा आणि मिनिटभर नुसते आकडे बघा. थोड्या वेळाने मोठं अपलोड लावून परत बघा. राउटरचं पिंग 1-2 वर स्थिर आणि बाहेरचं चढत गेलं तर रांग. राउटरचंच 2 वरून 90, परत 3, मग 150 असं उड्या मारायला लागलं तर दोष वायफायचा, आणि नेट देणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. राउटरचं स्थिर आणि बाहेरचं डाउनलोड नसतानाही कायम चढं असेल, तर ती तक्रार मात्र जरूर करा, आकड्यांचा फोटो काढून.

वायफायबद्दल माझं मत ठाम आहे: खेळायच्या पीसीला लॅन केबल द्या. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, त्यामुळे दोन पीसी आणि चार मोबाइल एकमेकांची वाट बघत बसतात. गावभागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींमागे वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा धड पोचत नाही आणि 2.4 च्या पट्ट्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर गर्दी करतात. दाराच्या चौकटीवरून कॅट 6 प्रकारच्या लॅन केबलची वायर ओढून घेतली की हा प्रश्न मिटतो. 100 मीटरपर्यंत ती बिनघोर चालते.

राउटर बदलायचा नसेल तर निदान स्टीमच्या, म्हणजे पीसीवर गेम घ्यायच्या-उतरवायच्या ॲपच्या, सेटिंगमध्ये डाउनलोडला मर्यादा घाला. दोघांना एकच गेम हवा असेल तर तो दोनदा उतरवूच नका. 2023 पासून स्टीम घरातल्या एका पीसीवरून दुसऱ्यावर थेट गेम घेऊ देतं. दोघांची खाती वेगळी असतील तर एकमेकांना फ्रेंड करून डाउनलोडच्या सेटिंगमध्ये फ्रेंड्सना परवानगी द्या. गिगाबिट केबलवर मोठा गेमही काही मिनिटांत येतो, आणि बाहेरच्या लाइनवर भार जवळपास पडत नाही.

मोठा प्लॅन घेऊच नका असं मी म्हणत नाही. हॉलमध्ये टीव्हीवर 4के चालतो, दोघेही दर आठवड्याला नवे गेम उतरवतात किंवा एखादा खेळता खेळता यूट्यूबवर लाइव्ह जातो, तर घ्या. पण घेताना डाउनलोडच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, अपलोड किती ते आधी विचारा. लाइव्ह जायला अपलोडच लागतो, आणि दोघांपैकी एक लाइव्ह असेल तेव्हा दुसऱ्याचं पिंगही त्यावरच टिकून राहतं.