सौर कृषीपंपाचे पॅनल चोरीला गेल्यास: विम्याचा दावा, पात्रता आणि लागणारी कागदपत्रे

सौर पॅनलची चोरी रोखण्यासाठी सरकार काही अनुदान देते का, अशी विचारणा करणाऱ्यांना आधी हे सांगावे लागते की, कुंपण, कॅमेरा किंवा भोंगा यांसाठी सौरपंपाच्या योजनेत वेगळा अर्जच नाही. तसा अर्ज भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. चोरीसाठीची तरतूद पंपाच्या किमतीतच धरलेली आहे. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकरी १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीतील शेतकरी ५ टक्के हिस्सा भरतो, बाकीचा खर्च सरकारी असतो. या पैशांतूनच पॅनलची ओळख साठवणारी आरएफआयडी चिप, पंप चालतो की नाही हे दुरून दाखवणारी आरएमएस यंत्रणा आणि पाच वर्षांचा विमा मिळतो. म्हणजे खरे काम नवे अनुदान शोधण्याचे नसून, आधीच दिलेल्या संरक्षणाचा दावा नीट दाखल करण्याचे आहे, आणि दावे अडकतात ते नेमके तिथेच.

पात्रतेबाबत सर्वांत मोठा घोळ मुदतीचा आहे. पॅनलच्या कागदावर २५ वर्षे असा आकडा असतो, तो वाचून अनेक जण निर्धास्त राहतात. ती हमी वीजनिर्मितीच्या क्षमतेची आहे, चोरीशी तिचा काही संबंध नाही. विमा पाच वर्षांचाच आहे, आणि ती पाच वर्षे अर्जाच्या किंवा हिस्सा भरल्याच्या तारखेपासून नव्हे, तर पंप बसवून कार्यान्वित झाल्यापासून मोजतात. त्यामुळे २०१८ च्या आसपास सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषीपंप योजनेतील सुरुवातीच्या पंपांचा विमा आता संपलेला आहे. अशा शेतकऱ्याला ‘मग नव्याने अर्ज करा’ असे सर्रास सांगितले जाते. तो सल्ला चुकीचा आहे, कारण आधीच्या सौरपंप योजनेचा लाभ घेतलेला शेतकरी नव्या योजनेत अपात्र ठरतो.

चोरी लक्षात आल्यावर पहिले काम पोलीस ठाण्यात जाण्याचे. सांगाडा, कापलेले नट-बोल्ट, तुटलेली केबल यांना पंचनामा होईपर्यंत हात लावू नये. इथे दोन ठिकाणी माणूस फसतो. ऑनलाइन तक्रार नोंदवून मिळालेला क्रमांक हाच एफआयआर, असा समज पसरलेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या खबरीवर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, तेव्हाच तिची नोंद होते. दुसरी अडचण किमतीची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत अशी) धरली जाते, आणि आपला शेतकरी ‘जुनंच आहे साहेब, असेल तीन-चार हजाराचं’ असे प्रामाणिकपणे सांगून मोकळा होतो. मग हातात अदखलपात्र नोंदीची पावती पडते आणि विमा कंपनी ती बाजूला सारते. किंमत फुगवून सांगू नये, पण अंदाजानेही सांगू नये; त्याच क्षमतेच्या पॅनलचे दुकानदाराकडून लेखी दरपत्रक घ्यावे, आणि केबल व कंट्रोलरही गेला असेल तर त्याची किंमत त्यात धरावी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या त्याच कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते.

त्यानंतर पुरवठादार कंपनीला लेखी कळवायचे आणि त्याची प्रत महावितरणच्या (वीज वितरण कंपनी) किंवा महाऊर्जाच्या (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था) कार्यालयात द्यायची. या दोन्ही वेगळ्या संस्था आहेत. आपला पंप कोणामार्फत बसला हे मंजुरीपत्रावर पाहून घ्यावे, नाहीतर महिनाभर चुकीच्या टेबलावर अर्ज पडून राहतो. विमा पुरवठादाराने उतरवलेला असल्याने पॉलिसीची प्रत शेतकऱ्याकडे जवळपास कधीच नसते, आणि तरीही ‘पॉलिसी जोडा’ असे सांगून त्याला परत पाठवले जाते, हे अन्यायाचे आहे. प्रत देणे हे पुरवठादाराचे काम आहे. ती लेखी मागावी आणि पोच घ्यावी. कळवायला उशीर झाला म्हणून दावा थेट फेटाळला गेला, तर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनचोरीच्या एका प्रकरणात दिलेला निकाल लक्षात ठेवावा: गुन्हा वेळेत नोंदवलेला असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवण्यातील विलंब हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. तरीही चोवीस तासांत कळवावे हे उत्तम.

कागदपत्रांमध्ये आधार, सातबारा, मंजुरीपत्र, पंप बसवल्याचा अहवाल, एफआयआर आणि पंचनामा ही नेहमीची यादी आहे. अडतो तो पॅनलचा अनुक्रमांक. हा क्रमांक पॅनलच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवर असतो, आणि पॅनलच गेल्यावर लेबल कुठून आणणार? मागच्या हंगामात एका काकांचे नऊपैकी चार पॅनल गेले होते. पंप बसवताना मुलाने मोबाइलवर काढलेल्या फोटोत एका लेबलचा कोपरा आला होता, तो मोठा करून क्रमांक वाचला आणि बाकीचे तीन पुरवठादाराच्या अहवालातून निघाले. त्या फोटोशिवाय पुरवठादाराने अहवाल शोधलाही नसता. म्हणून चोरी झालेली नसली, तरी आजच शेतात जाऊन प्रत्येक लेबलचा फोटो काढून ठेवावा. आरएमएसची नोंदही मागावी. पंप अमुक दिवसापर्यंत चालू होता हे त्यातून दिसते आणि चोरीच्या तारखेवरून होणारा वाद मिटतो.

लाभार्थी वडील आणि फिर्याद मुलाची, असे झाल्यास फिर्यादीत पंप कोणाच्या नावे आहे हे स्पष्ट लिहून घ्यावे. लाभार्थी हयात नसेल, तर वारसनोंदीचा फेरफार आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि इथे वेळ जातो. शेवटी विमा कंपनी बहुधा पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. चोर सापडला नाही तर पोलीस न्यायालयाकडे ‘अ’ समरी (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही असा अहवाल) मंजुरीसाठी पाठवतात, तिला काही महिने लागू शकतात, म्हणून तपास अधिकाऱ्याकडे पाठपुरावा सुरू ठेवावा.

भरपाई सामान्यतः रोख न मिळता नवे पॅनल बसवून मिळते. त्या पॅनलचे अनुक्रमांक जुन्यांपेक्षा वेगळे असतात, तेव्हा ते जोडणी अहवालावर लिहून घेतल्याशिवाय आणि आपली प्रत हातात पडल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये.