पाण्याखालच्या हॉकीची टोपी : निवड आणि घालण्याची पद्धत

‘मास्क गळतो, बदलून द्या’ असे सांगत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा मास्क (डोळे व नाक झाकणारा पाण्याखालचा चष्मा) निर्दोष असतो. टोपी कपाळावर फार खाली ओढलेली असते, त्यामुळे मास्कची सिलिकॉनची कड त्वचेवर न टेकता कापडावर टेकते आणि तेवढ्या फटीतून पाणी आत येत राहते. अशा वेळी पट्टा आवळल्यास सिलिकॉनला मुरड पडून गळती वाढतेच.

म्हणून टोपी आधी घालावी. सगळे केस आत घ्यावेत, पुढची कड केसांच्या रेषेवर थांबवावी, कानांवरच्या प्लास्टिकच्या वाट्या मधोमध आणाव्यात आणि हनुवटीखाली एक बोट जाईल इतपत सैल ठेवून नाड्या बांधाव्यात. मास्क त्यानंतर चढवावा. त्याचा पट्टा टोपीवरून, वाट्यांच्या वरच्या बाजूने घ्यावा; तो टोपीखाली गेला, तर स्नॉर्कल (श्वास घेण्याची नळी) नीट अडकवता येत नाही. शेवटी मास्कच्या कडेवरून बोट फिरवून कापड किंवा केस अडकलेला नाही, याची खात्री करावी.

1954 मध्ये इंग्लंडमधील साउथसी येथे ॲलन ब्लेक यांनी सुरू केलेल्या या खेळात टणक शिरस्त्राण नसते. टोपी प्रामुख्याने कानांसाठी असते. दुसऱ्या खेळाडूच्या पायातील फिनचा (पोहण्याच्या पंखाचा) फटका थेट कानावर बसल्यास आतले पाणी दाबले जाऊन पडदा फाटू शकतो, आणि वाटी तो फटका स्वतःवर घेते. वाटीची भोके पाणी खेळते राहावे म्हणून ठेवलेली असतात. ती बुजवू नयेत, आतून पोहण्याची सिलिकॉनची टोपी कानांवर ओढू नये आणि इअरप्लग तर मुळीच घालू नयेत. कान बंद राहिल्यास तलावाच्या तळाशी जाताना पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होत नाही. तळावरून काठीने ढकलल्या जाणाऱ्या सुमारे 1.3 किलो वजनाच्या पकपासून (चकतीपासून) चेहरा वाचवणे मात्र टोपीचे काम नव्हे. त्यासाठी दोन स्वतंत्र, टफन केलेल्या (खास मजबूत केलेल्या) काचांचा मास्क आणि माउथगार्ड हवेच.

कापड ओले झाले की सैल पडते, त्यामुळे दोन मापांत शंका असल्यास लहान माप घ्यावे. लांब केस असलेल्यांनी मानेजवळ सैल वेणी घालून माप द्यावे, कारण उंच अंबाड्याने टोपी वर उचलली जाते व वाटी कानावरून सरकते.

टोपी घेण्यासाठी येताना आम्ही स्वतःचा मास्क आणायला सांगतो आणि दोन्ही एकत्र घालून पाहिल्याशिवाय मास्क परत घेत नाही. काहींना हा आग्रह जाचक वाटतो, परंतु दुकानातली ती दहा मिनिटे तलावावरचा सराव वाया जाण्यापासून वाचवतात. एक संघ गडद व दुसरा पांढऱ्या टोप्यांत खेळत असल्याने आमच्याकडे दोन्ही रंगांची जोडी मिळते. पंचांची लाल टोपी मागणीप्रमाणे मागवून देतो. खेळून झाल्यावर टोपी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. नाडी झिजली, तर फक्त नाडी बदलून मिळते. त्यासाठी नवी टोपी घेण्याची गरज नाही.