कोलारची खाण, दोन महिन्यांचं शून्य आणि १९६५ चा न्यूट्रिनो

तमिळनाडूत होऊ घातलेल्या न्यूट्रिनो प्रयोगशाळेचा, म्हणजे आयएनओचा, विषय निघाला की (न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ कशालाच न धडकता आरपार जाणारा अतिसूक्ष्म कण) "असलं काही आपल्याकडे कधी झालंय का" हा प्रश्न येतोच, आणि उत्तर द्यायचं तर थेट कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरावं लागतं. कोलारचं नाव आता 'केजीएफ' सिनेमामुळे पोराटोरांच्या तोंडी आहे, पण त्याच खाणीत सोनं काढणाऱ्यांच्या शेजारी १९५१ पासून साधारण चाळीस वर्षं मुंबईच्या टीआयएफआरची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) माणसं डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारी यंत्रं, मांडून बसली होती हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी थोडं बेसिक. अवकाशातून प्रोटॉन वगैरे कण पृथ्वीवर सतत येत असतात, ह्यांनाच कॉस्मिक किरण म्हणतात, ते वातावरणाच्या वरच्या थरात हवेवर आपटतात आणि त्यातून नव्या कणांचा पाऊस पडतो, त्यातले जमिनीपर्यंत पोचणारे बहुतेक म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ. तळहात आडवा धरलात तर त्यातून सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो, आत्ता हे वाचतानाही जातोय. म्युऑन चिवट, दगडातून बराच खोल जातो, पण जाताना एनर्जी गमावत जातो, त्यामुळे जितकं खाली जाल तितके दांडगेच तेवढे उरतात. म्हणजे डोक्यावरचा खडक ही चाळणीच झाली. कुठल्या खोलीवर किती म्युऑन उरले ते मोजलं की वरून किती ताकदीचे कण येतायत त्याचा हिशेब लागतो.

होमी भाभांचा मूळ विषयच कॉस्मिक किरण. टीआयएफआर तेव्हा नेव्ही नगरात नव्हती, पेडर रोडच्या बंगल्यातून निघून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आलेली. भाभांनी बी. व्ही. श्रीकंठन ह्या तरुण संशोधकाला सांगितलं की कोलारला जा आणि वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन मोज. (हेच श्रीकंठन पुढे टीआयएफआरचे डायरेक्टर झाले.) कोलारच का, तर बंगळूरपासून जेमतेम शंभर किलोमीटर, आणि जॉन टेलर अँड सन्स ह्या इंग्रज कंपनीनं १८८० पासून खणत खणत चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरच्याही खाली नेलेली, जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी एक. वीज तर १९०२ मध्येच शिवनसमुद्रहून आलेली. शाफ्ट म्हणजे खाली जायची उभी विहीर, केज म्हणजे तिच्यातली लिफ्ट, हवा खेळवायची सोय, पंप, सगळं आयतं. शिवाय तिथला खडक नेहमीपेक्षा जड, घनता साधारण ३, म्हणजे २.३ किलोमीटर खडक हा सुमारे सात किलोमीटर पाण्याच्या थराइतका आडोसा देतो.

मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला जे झालं ते मला ह्या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात भारी वाटतं. जपानच्या ओसाका सिटी युनिव्हर्सिटीचे मियाके आणि टीआयएफआरचे नरसिंहम आणि रमण मूर्ती काउंटर घेऊन टप्प्याटप्प्यानं खाली गेले, प्रत्येक लेव्हलला म्युऑन कमी कमी होत गेले, आणि पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सगळ्यात खालच्या मुक्कामी, दोन महिने यंत्र चालू ठेवलं तरी एकही म्युऑन आला नाही. एकही नाही! दुसऱ्या कुठल्या प्रयोगात दोन महिने शून्य आलं असतं तर लोकांनी केबल तपासल्या असत्या, गाईडनं शिव्या घातल्या असत्या, इथे मात्र ते शून्य म्हणजेच लॉटरी होती.

का, तर न्यूट्रिनो. १९३० मध्ये पाउलीनं हा कण निव्वळ कागदावर मांडला आणि १९५६ मध्ये राइन्स आणि कोवन ह्यांनी अमेरिकेतल्या अणुभट्टीपाशी तो पकडला, पण तो माणसानं बनवलेल्या भट्टीतला. वातावरणात कॉस्मिक किरण आपटतात तेव्हाही न्यूट्रिनो तयार होत असणार, नैसर्गिक न्यूट्रिनो, आणि ते सापडावेत कसे ह्यावर १९६० च्या सुमारास मार्कोव्ह आणि ग्रायझन ह्यांनी लिहिलेलं होतं. न्यूट्रिनो अख्ख्या पृथ्वीतून सहज पार होतो, क्वचित एखादाच खडकात कशाला तरी धडकतो आणि त्यातून म्युऑन निघतो. वर जमिनीवर हा एक म्युऑन ओळखणं म्हणजे गणपती विसर्जनाच्या गर्दीत कुणी तरी कुजबुजलेलं ऐकणं. पण जिथे दोन महिन्यांत कुणी आलंच नाही अशा जागी एक जरी म्युऑन दिसला, तरी तो कुठून आला हे विचारण्यात अर्थ आहे.

तर त्या शून्यावरून पुढचा प्रयोग ठरला. टीआयएफआर, ओसाका आणि इंग्लंडची डरहॅम युनिव्हर्सिटी, म्हणजे मेनन, मियाके, वुल्फेंडेल आणि त्यांची मंडळी. जागा त्या शून्याच्या मुक्कामाहून थोडी वर, २.३ किलोमीटर खाली, हीथकोट शाफ्टजवळ. ह्यात डोकं लावलंय ते पाहण्यासारखं आहे. इतक्या खाली वरून येणारे म्युऑन फार थोडे, पण अगदी शून्य नाहीत, आणि जे येतात ते जवळजवळ सरळ उभेच येतात, कारण तिरकं यायचं तर खडक आणखी कितीतरी जास्त कापावा लागतो. न्यूट्रिनोला खडकाची पर्वाच नाही, तो आडवाही येतो, खालूनही येतो. म्हणून ह्यांनी डिटेक्टर भिंतीसारखे उभे केले, आडव्या येणाऱ्यांची वाट बघत. दोन बाजूंना प्लॅस्टिक सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की क्षणभर प्रकाश देणारं प्लॅस्टिक, मध्ये शिशाचे थर आणि निऑन भरलेल्या काचेच्या नळ्यांचे थर. दोन्ही भिंतींनी एकाच वेळी सिग्नल दिला की नळ्यांना हाय व्होल्टेजचा झटका बसायचा, ज्या नळ्यांतून कण गेलाय तेवढ्याच लालसर पेटायच्या, आणि कॅमेरा तो फोटो फिल्मवर घ्यायचा. फिल्म धुतली की ठिपक्यांची एक तिरकी रेघ, बस्स, एवढाच पुरावा. आणि हे सगळं तापलेल्या खडकाच्या पोटात, जिथे ह्याच खाणीत कुप्रसिद्ध असलेले रॉकबर्स्ट, म्हणजे दाबाखाली खडक अचानक फुटणं, कधी होतील सांगता यायचं नाही.

१९६५ मध्ये अशा आडव्या रेघा मिळाल्या. पेपर १५ ऑगस्ट १९६५ च्या फिजिक्स लेटर्समध्ये आला, तारीखही काय जुळून आली. आता इथे "पहिलं कोण" हा वाद येतोच, कारण तेच राइन्स तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत ३.२ किलोमीटर खाली हेच करत होते, त्यांचा पहिला कण २३ फेब्रुवारी १९६५ चा, पण पेपर ३० ऑगस्टला छापून आला. म्हणजे बघितलं त्यांनी आधी, छापलं आपल्या लोकांनी आधी. "भारताचं नोबेल हुकलं" टाइप फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या, राइन्सना १९९५ चं नोबेल मिळालं ते १९५६ च्या कामासाठी. दोन खाणी, दोन टीम, एकच उन्हाळा, दोघांनाही मान आहे. भाभांना हा निकाल बघायला मिळाला, पुढच्याच जानेवारीत ते विमान अपघातात गेले.

पुढची काही वर्षं असेच आणखी डिटेक्टर बसत गेले, एकूण सात झाले, आणि १९७५ मध्ये "कोलार इव्हेंट्स" म्हणून काही चमत्कारिक फोटो प्रसिद्ध झाले, एखादा नवाच कण हवेत फुटल्यासारखे, पण त्याचा उलगडा काही झाला नाही.

मग प्रोटॉनचं प्रकरण. १९७४ मध्ये थिअरीवाल्यांनी असं मांडलं की प्रोटॉनसुद्धा अमर नाही, कधीतरी फुटतो, फक्त त्याचं सरासरी आयुष्य १ वर ३० च्या आसपास शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे वाट बघणं बादच. पण एका प्रोटॉनकडे इतकी वर्षं बघत बसण्यापेक्षा इतके प्रोटॉन गोळा करून एक वर्ष बघितलं तर चालतं, आणि त्यासाठी लागतं लोखंड, भरपूर लोखंड. १४० टन लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून साधारण ८ वर ३१ शून्यं इतके कण होतात. कोलारला हेच केलं, सव्वा सेंटिमीटरभर जाडीच्या लोखंडी प्लेटा आणि मध्ये गॅस भरलेल्या चौकोनी लोखंडी नळ्या, म्हणजे प्रोपोर्शनल काउंटर, एका थरातल्या नळ्या पुढच्या थरातल्या नळ्यांना काटकोनात, असे ३४ थर. आता विचार करा, हे सगळं केजमधून शाफ्टनं खाली न्यायचं आणि तिथे जोडायचं. १९८० मध्ये सुरू झालेला हा जगातला पहिला खास प्रोटॉनसाठीच बांधलेला डिटेक्टर. दोनेक वर्षांत त्यांनी "हे प्रोटॉन फुटल्यासारखं दिसतंय" असे काही मोजके इव्हेंट जाहीरही केले आणि जगभर खळबळ उडाली. पण अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीत आणि जपानच्या कामिओका खाणीत हजारो टन पाण्याचे डिटेक्टर उभे राहिले, त्यांना तसं काही दिसेना, आणि कोलारचा दावा टिकला नाही. १९८५ मध्ये २६० टनांचा दुसरा डिटेक्टर आला तरी पाण्याच्या त्या टाक्यांपुढे तो लहानच. आज प्रोटॉनच्या आयुष्याची किमान मर्यादा १ वर ३४ शून्यांच्या वर गेलीय आणि प्रोटॉन अजून फुटलेला नाही.

गंमत म्हणजे कामिओकालाही फुटणारा प्रोटॉन मिळाला नाही, पण १९८७ मध्ये फुटलेल्या ताऱ्याचे ११ न्यूट्रिनो मिळाले, आणि १९९८ मध्ये तिथल्याच ५०,००० टनांच्या मोठ्या भावानं दाखवलं की वातावरणातले न्यूट्रिनो वाटेत जात बदलतात, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे. वातावरणातले, म्हणजे १९६५ ला कोलारात दिसले तेच. पण तोवर कोलारचं दुकान बंद झालेलं. सोन्याचं प्रमाण घटत गेलं, खाण तोट्यात, खालच्या लेव्हल एकेक करून सोडून दिल्या, आणि १९९२ च्या सुमाराला प्रयोग थांबले. काउंटर उटीच्या ग्रेप्स ह्या कॉस्मिक किरणांच्या प्रयोगाकडे गेले. २००१ मध्ये खाणच बंद झाली, पंप थांबले आणि शाफ्टमध्ये पाणी भरलं.

आयएनओ हा सगळा ह्याचाच पुढचा भाग, नबा मंडल वगैरे जी मंडळी त्याच्या मागे होती ती कोलारला काम केलेलीच. आराखडाही ओळखीचाच, लोखंडी प्लेटांचे थर आणि मध्ये डिटेक्टर, फक्त वजन ५०,००० टन आणि लोखंड चुंबकित केलेलं. फरक खड्ड्याचा. कोलारात सोन्यापायी दुसऱ्यांनी खणून ठेवलेला खड्डा मिळाला होता, इथे थेनी जिल्ह्यातल्या डोंगरात स्वतः दोनेक किलोमीटरचा बोगदा पाडायचा होता, तो पश्चिम घाटाच्या कुशीत, आधीची नीलगिरीतली जागा वाघांमुळे नाकारलेली. २०१५ मध्ये केंद्रानं साधारण १५०० कोटींना मंजुरी दिली, पण गावकऱ्यांचा आणि पर्यावरणवाल्यांचा विरोध, हरित लवाद, सुप्रीम कोर्ट, राज्य सरकारचा नकार ह्यात बोगदा अडकला. माझ्या मते विरोध करणारे सगळेच अडाणी नव्हते, पण न्यूट्रिनोनं रेडिएशन पसरेल म्हणणारे तर साफच चुकीचे होते. दरम्यान मदुराईला ८५ टनांचं छोटं मॉडेल उभं केलं, ते जमिनीवरच, जिथे म्युऑनचा नुसता पाऊस, म्हणून येणारा प्रत्येक म्युऑन ओळखून बाजूला काढणारं सिंटिलेटरचं आवरण त्याच्याभोवती घालायचं काम टीआयएफआरवाल्यांनी हाती घेतलं.