गावाची लोकसंख्या विचारताय? आधी महिना सांगा

परवा मोबाईलवर आमच्या गावाचं नाव टाकून बघितलं. कुठल्यातरी साइटवर ठळक अक्षरात ‘ताजी लोकसंख्या’, आणि आकडा 2011 चा. 2021 ची जनगणना झालीच नाही म्हणल्यावर ताजं आणणार कुठून, नुसतं वरचं साल बदलतात. तात्यांना वाचून दाखवलं तर म्हणले, “माणसं किती? कवाची सांगू, पोळ्याची का संक्रांतीची?”

तात्या चौथी शिकलेत, पण प्रश्न नेमका विचारला.

गाव बीड जिल्ह्यात, धारूरकडं बालाघाटाच्या माथ्यावर. हलकी जमीन, पावसावरचा कापूस-सोयाबीन, अन् दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, आधीच खपलेली असती. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबत पत्र्याची पेटी, पीठ-मीठ, तान्हं पोर. मागं राहतात म्हातारी माणसं अन् शाळेतली लेकरं.

आता गंमत बघा. 1931 पर्यंत आपल्याकडं एका रात्रीत मोजणी व्हायची, जो जिथं सापडला तो तिथला. नंतर ती बऱ्याच दिवसांची झाली. 2011 ला 9 ते 28 फेब्रुवारी अशी होती. नियम असा की माणूस नेहमीच्या घरी या वीस दिवसांत थोडाजरी राहून गेला तर तिथंच मोजायचा, पण वीसच्या वीस दिवस बाहेर असला तर घरच्या यादीत घ्यायचाच नाही, जिथं सापडंल तिथं धरायचा. आणि फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम! म्हणजे आमची माणसं सांगली-कोल्हापूरच्या कोप्यांत (फडाजवळच्या झोपड्यांत) मोजली जाणार, काही तर बेळगावाकडं, कर्नाटकच्या हिशोबात.

नुसती संख्या घटती असं नाही. समजा 800 लोकांचं गाव, त्यात कामाची माणसं 400. म्हणजे 50 टक्के. शंभर कोयते गेले म्हणजे 200 कामकरी कमी, त्यांच्यासंगं 60 लेकरं. राहिले 540, त्यात कामाचे 200, म्हणजे 37 टक्के. तेच गाव, तीच माणसं, पण जूनमधी कष्टाळू अन् फेब्रुवारीत आळशी! टक्केवारीत वरचा आकडा ज्या प्रमाणात पडतो त्या प्रमाणात खालचा पडत नाही, एवढीच ही करामत.

दुसरा घोळ धंद्याच्या रकान्यात. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामकरी, कमी असलं तर सीमांतिक. आणि शेतकरी का शेतमजूर, हे वेळ कशात जास्त गेला त्यावर. मग दोन एकरवाला, सातबारा नावावर असून, दुसऱ्याच्या उसाच्या फडात जास्त दिवस काढले म्हणून शेतमजूर लागू शकतो.

(सरकारी यादीत कधीकधी शून्य लोकसंख्येचं गाव दिसतं, बेचिराग म्हणतात त्याला. अशा गावाला शाप असतो म्हणून सांगणारे आमच्याकडं पायलीला पन्नास. अहो, विहीर आटली, रस्ता दुसरीकडून गेला, की माणसं उठून जातात. सर्व्हे नंबर मात्र जागेवर राहतात, म्हणून यादीत नाव.)

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाचा आकडा धरायचा ती, 1 मार्च 2027. परत हंगामातच. आजी ‘पोरं फडावर हाईत’ म्हणंल, तर गणक ती नावं सोडून देणार. आणि तिकडं त्याच आठवड्यात टोळीनं तळ हलवला, जुन्या जागी गणक यायचा होता अन् नव्या जागी येऊन गेला, तर तो कोयता दोन्हीकडून सुटला.